कूलरचा पाय मातीत का धसतो? बल आणि दाब यांतला फरक, घरीच मोजून समजून घेऊ

गेल्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मागच्या अंगणातला कूलर एका बाजूला कलला. टाकीतलं पाणी एका कोपऱ्यात गोळा झालं, पंप उघडा पडला आणि कोरड्या वाळ्यातून गरम हवा घरात येऊ लागली. नागपुरात मे महिन्याच्या शेवटी ही किती मोठी अडचण असते, ते इथल्यांना सांगायला नको. बाहेर जाऊन पाहिलं तर लोखंडी स्टँडच्या चार पायांपैकी एक पाय काळ्या मातीत चार बोटं आत गेला होता.

माझ्याकडे संध्याकाळी विज्ञानाच्या शिकवणीला आठवी-नववीची मुलं येतात. ती जमली आणि त्यातल्या एकानं विचारलं, “ताई, वजन तर चारही पायांवर आहे, मग हाच एक पाय काहून धसला?” या मुलांनी वार्षिक परीक्षेत ‘बल आणि दाब यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न सोडवला होता. बलाचं एकक न्यूटन, दाबाचं पास्कल. बल सदिश, म्हणजे दिशा असलेलं; दाब अदिश, म्हणजे दिशा नसलेला. गुणही पूर्ण मिळाले होते. तरी धसलेल्या पायाकडे बघून त्यातल्या एकालाही उत्तर सुचेना. तेव्हापासून हा धडा मी फळ्यावरून सुरू करत नाही. ज्या क्रमानं आता शिकवते, तोच इथे देते. पालकांनी मुलांना घेऊन करावा, मोठ्यांनी स्वतःसाठी करावा.

सामान फार नाही. टोक काढलेली पेन्सिल, फूटपट्टी, आलेख कागद, एक वीट, परातभर रेती, दुधाची धुतलेली पिशवी, टाचणी आणि वजनकाटा.

सुरुवात पेन्सिलीपासून

पेन्सिल आडवी धरा. टोक डाव्या हाताच्या तर्जनीवर आणि बोथट बाजू उजव्या हाताच्या तर्जनीवर टेकवा. आता दोन्ही बोटं हळूहळू एकमेकांकडे दाबा. टोकाकडचं बोट लगेच दुखू लागतं, दुसऱ्याला काहीच होत नाही. (टोक फार अणकुचीदार नको, आणि लहान मुलांच्या हाती देण्याआधी स्वतः करून बघा.)

इथे मुलांना एकच प्रश्न विचारायचा: कोणत्या बोटावर बल जास्त आहे? बहुतेक मुलं सांगतात, टोकाकडच्या. ते चूक आहे. पेन्सिल जागच्या जागी स्थिर आहे. एका बाजूचं बल जास्त असतं तर ती दुसऱ्या बाजूला सरकली असती. म्हणजे दोन्ही बोटांवर बल अगदी सारखं आहे, दुखणं मात्र सारखं नाही. बोथट बाजूला तेच बल पेन्सिलीच्या सगळ्या जाडीवर वाटलं गेलं, टोकाला ते मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत एकवटलं.

हे ‘किती जागेत वाटलं गेलं’ म्हणजे दाब. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं एकूण किती, आणि दाब म्हणजे त्यातलं दर एकक जागेच्या वाट्याला किती आलं. सूत्र असं: दाब = बल ÷ क्षेत्रफळ. एक न्यूटन बल एक चौरस मीटरवर लंब दिशेनं पडलं की दाब एक पास्कल. पास्कल हे फार लहान एकक आहे. टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्राच्या एका पानाचा दाबही जेमतेम अर्धा पास्कल भरतो. म्हणून रोजच्या उदाहरणांत उत्तरं हजारांत आणि लाखांत येतात. आकडा मोठा दिसला म्हणून मुलं घाबरतात आणि बरोबर आलेलं उत्तर खोडतात, ते तेवढं थांबवा.

आता कूलरचा हिशेब

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण चुका होतात त्या सगळ्या इथेच होतात.

कूलर आणि स्टँड मिळून ४५ किलो धरू. टाकीत ७५ लिटर पाणी मावतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून भरलेल्या कूलरचं वस्तुमान १२० किलो. पहिली चूक इथे होते: मुलं हे १२० थेट सूत्रात टाकतात. किलो हे वस्तुमान आहे, बल नाही. पृथ्वी या १२० किलोला ज्या बलानं खाली ओढते ते काढायला ९.८ नं गुणायचं. १२० × ९.८ = १,१७६ न्यूटन. हे झालं बल.

दुसरी पायरी क्षेत्रफळाची. कोणतं क्षेत्रफळ? कूलरचा तळ दोन फूट बाय दोन फूट असेल, पण तो मातीला टेकतच नाही. मातीला टेकतात ते स्टँडचे पाय, आणि तेही भरीव नाहीत. ते इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराच्या लोखंडी अँगलचे आहेत. आमच्या अँगलच्या दोन्ही बाजू ४० मिलिमीटर आणि जाडी ४ मिलिमीटर. पाय उलटा करून शाईत बुडवला आणि कागदावर ठसा घेतला तर उमटेल फक्त एक बारीक ‘एल’. त्याचं क्षेत्रफळ येतं (४० + ४० − ४) × ४ = ३०४ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम ३ चौरस सेंटिमीटर. चारही पायांचं मिळून १२. एवढा मोठा कूलर जमिनीला फक्त तेवढ्याच जागेत टेकला होता. एका पोस्टाच्या तिकिटाहून ती जागा फारशी मोठी नाही.

तिसरी पायरी एकक बदलण्याची, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून मुलं चौरस सेंटिमीटरलाही १०० नं भागून मोकळी होतात. पण चौरस मीटर म्हणजे १०० बाय १०० चौकोनांची चादर, तिच्यात १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. १२ ÷ १०,००० = ०.००१२ चौरस मीटर. पटत नसेल तर अंगणात खडूनं एक मीटरचा चौकोन आखून दाखवा, एकदा पाहिलं की विसरत नाहीत.

आता भागाकार. १,१७६ ÷ ०.००१२ = ९,८०,००० पास्कल. हवेच्या दाबाच्या जवळजवळ दहापट.

मी स्टँड सरळ करायला वेल्डिंगवाल्या भाऊंना बोलावलं. त्यांनी सूत्र वगैरे काही सांगितलं नाही. ते म्हणाले, “ताई, पायाखाली फरशीचे तुकडे टाका बरं, नाहीतर उद्या पुन्हा धसते.” पायाखाली २० बाय २० सेंटिमीटरचे चार तुकडे टाकले. एकाचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर, चारांचं १,६००, म्हणजे ०.१६ चौरस मीटर. फरशीचं स्वतःचं वजन सोडून दिलं तर मातीवरचा दाब आला १,१७६ ÷ ०.१६ = ७,३५० पास्कल. बलात एका न्यूटनचाही फरक नाही, दाब मात्र १३३ पटींनी उतरला.

एक गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटते. फरशीच्या वरच्या अंगाला, जिथे अँगल टेकतो, तिथे दाब अजूनही ९ लाख ८० हजारच आहे. दगड तो सोसतो, माती सोसत नाही, म्हणून फरशी मध्ये घालायची. त्यासाठी फरशी जाड हवी, शहाबादी किंवा कडप्प्याचा तुकडा. भिंतीला लावायची पातळ चकचकीत टाइल तडकते, आणि तडकली की क्षेत्रफळ पुन्हा कमी होतं. पाय तुकड्याच्या मधोमध ठेवायचा, कडेला ठेवला तर फरशी तिरपी होते.

आणि त्या मुलाचा प्रश्न? तोच एक पाय का? त्या कोपऱ्यातून टाकीचं पाणी थेंब थेंब गळत होतं. आपली काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते आणि ओली झाली की लोण्यासारखी मऊ. चारही पायांखाली दाब साधारण सारखाच होता, पण तो सोसायची मातीची ताकद एका ठिकाणी संपली. पाय थोडा धसला, कूलर कलला, पाणी त्याच कोपऱ्यात जमलं, त्या पायावरचं बल वाढलं आणि तो आणखी धसला. म्हणून फरशी टाकण्याआधी गळती बंद करा.

वीट, रेती आणि स्वतःचे तळपाय

परातीत कन्हान नदीची ओलसर रेती सपाट पसरा. वीट आधी पसरट बाजूवर ठेवा, मग लांबट कडेवर, मग उभी. दर वेळी खड्डा किती खोल झाला ते फूटपट्टीनं मोजा. वीट ३ किलोची आणि २३ × ११ × ७ सेंटिमीटरची असेल तर दाब अनुक्रमे सुमारे १,१६०, १,८३० आणि ३,८२० पास्कल येतो. वीट तीच आणि बलही तेच, २९.४ न्यूटन. खड्ड्याची खोली दाबाच्या बरोब्बर प्रमाणात येणार नाही, कारण रेती दाबली की घट्ट होत जाते. क्रम तेवढा चुकणार नाही.

मग आलेख कागदावर उभं राहून तळपायाची बाहेरची रेघ काढा. आतले पूर्ण चौकोन मोजा. अर्ध्याहून मोठे चौकोन धरायचे, लहान सोडून द्यायचे. ५० किलोच्या मुलाचा एक तळपाय १५० चौरस सेंटिमीटर भरला तर दोन्ही पायांवर उभं असताना दाब ४९० ÷ ०.०३ म्हणजे सुमारे १६,३०० पास्कल. एक पाय उचला, दाब दुप्पट, ३२,७००. वजनकाट्यावर एका पायावर उभं राहून पाहा, आकडा हलत नाही. काटा बल मोजतो, दाब नाही. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे, पण बल आणि दाब वेगळे आहेत हे यापेक्षा स्पष्ट मी कुठेच पाहिलेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या सासूबाई शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळून होत्या. बघायला येणाऱ्या सिस्टर बजावून सांगत, दर दोन तासांनी कूस बदला. माणूस आडवा झाला की त्याचं वजन मोठ्या जागेवर पसरतं, हे खरं. पण माकडहाड, टाचा आणि खुबे यांसारख्या हाडाच्या उंचवट्यांवर ते पुन्हा लहान जागेत गोळा होतं. तिथल्या कातडीतलं रक्त अडतं आणि तासन् तास तसंच राहिलं तर जखम होते. हवेची गादी वजन कमी करत नाही, ती शरीराच्या वळणानं बसून टेकणारी जागा वाढवते. घरात असं कुणी असेल तर चादरीला सुरकुती राहू देऊ नका. त्या सुरकुतीवरही दाब वाढतो.

दाबाला दिशा नसते म्हणजे काय

बल सांगताना दिशा सांगावी लागते: खाली, उजवीकडे, माझ्याकडे. दाबाला दिशा जोडत नाहीत. हे पाठ करण्यापेक्षा पाहा. दुधाची पिशवी पाण्यानं भरून तोंड घट्ट बांधा, चारी बाजूंनी टाचणीनं भोकं पाडा आणि वरून दाबा. तुम्ही बल दिलं खालच्या दिशेनं, धारा निघाल्या सगळीकडे, प्रत्येक धार त्या त्या जागच्या पृष्ठभागाला काटकोनात. द्रवातला दाब एका जागी सगळ्या बाजूंना सारखाच असतो. तो कोणत्या पृष्ठभागावर पडतो त्यावरून बलाची दिशा ठरते.

गच्चीवरची टाकी

वरच्या मजल्याच्या नळाला धार कमी येते म्हणून ५०० लिटरची टाकी काढून १,००० लिटरची बसवणारे लोक मी पाहिले आहेत. धार तेवढीच राहते आणि पैसे जातात. नळाजवळचा पाण्याचा दाब टाकीत पाणी किती आहे यावर ठरत नाही, पाण्याची पातळी नळापेक्षा किती उंच आहे यावर ठरतो. हिशेब सोपा आहे: एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो, म्हणून दर एक मीटर उंचीला १,००० × ९.८ × १ = ९,८०० पास्कल. पातळी तळमजल्याच्या नळाच्या ६ मीटर वर असेल तर ५८,८०० पास्कल. वरच्या मजल्यावरचा शॉवर पातळीच्या फक्त दीड मीटर खाली असेल तर १४,७००, म्हणजे तळमजल्याच्या पाव हिश्शानं. शिवाय पाइप अरुंद असेल किंवा त्यात क्षार साठले असतील तर वाहताना त्यातलाही काही भाग खर्च होतो.

म्हणून आधी जाळी आणि पाइप साफ करा, मग टाकीचा चौथरा उंच करता येतो का ते बघा. मोठी टाकी पाणी जास्त वेळ पुरावं म्हणून घ्यायची असते.

कुकरचं झाकण आणि शिटी

एकच दाब, पण बल हजारो पटींनी वेगळं, हे स्वयंपाकघरात दिसतं. शिटी होण्याच्या वेळी कुकरच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक लाख पास्कल जास्त दाब असतो. शिटीखालचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ७ चौरस मिलिमीटर. बल = दाब × क्षेत्रफळ = १,००,००० × ०.०००००७ = ०.७ न्यूटन. म्हणजे सुमारे ७० ग्रॅम वजनाची शिटी ते भोक बंद ठेवू शकते. आता झाकण बघा. व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर आणि बल ३,१४० न्यूटन. ३२० किलो वस्तू झाकणावर ठेवावी तेवढं बल त्याला बाहेर ढकलत असतं.

म्हणूनच वाफ पूर्ण जिरायच्या आधी झाकणाशी झटापट करायची नाही. घाईत उघडताना झाकण ‘थोडंसंच अडकलंय’ असं वाटतं, पण तेव्हा दाब दहाव्या हिश्शावर उतरला असला तरी झाकणामागे ३१४ न्यूटन बल आणि खाली उकळता वरण असतं. मुलींना आणि मुलांनाही हा हिशेब करायला लावा.

नागपूरची हवा आणि रस्त्यावरची एककं

हवेलाही वजन आहे. समुद्रसपाटीला तिचा प्रमाण दाब १,०१,३२५ पास्कल मानतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे तो साधारण ९७ हजारांच्या आसपास असतो. उंचावर गेल्यावर हवेचा दाब उतरतो हे १६४८ मध्ये फ्रान्समध्ये डोंगरावर पारा नेऊन तपासलं गेलं. प्रयोग सुचवला होता ब्लेझ पास्कल यांनी आणि डोंगर चढले होते त्यांचे मेहुणे. दाबाच्या एककाला १९७१ मध्ये पास्कल हे नाव मिळालं. तुमच्या पंजाचं क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर असेल तर हवा त्यावर सुमारे १,४५० न्यूटन बल लावते आहे. हात खाली जात नाही, कारण तेवढंच बल खालूनही आहे.

पंक्चरच्या दुकानात ‘तीस हवा टाका’ म्हणतात, ते तीस पौंड दर चौरस इंचाला. पास्कलमध्ये २ लाखांच्या थोडं वर. डॉक्टर बीपी १२० सांगतात, ते पाऱ्याचे मिलिमीटर, म्हणजे १६ हजार पास्कल. एककं वेगळी दिसली तरी हे सगळे दाबच आहेत, कारण प्रत्येकात ‘दर एवढ्या जागेला’ हे बोललेलं किंवा गृहीत धरलेलं आहे. ‘दर’ नसेल आणि न्यूटन असेल तर ते बल.

प्रश्न बलाचा आहे की दाबाचा?

गणित सोडवण्याआधी आणि घरातला निर्णय घेण्याआधीही हा प्रश्न स्वतःला विचारायचा. एखादी वस्तू रुतेल का, टोचेल का, कापेल का, फुटेल का, हे दाबावर ठरतं. ती सरकेल का, उचलली जाईल का, आधार तिचा सगळा भार पेलेल का, हे बलावर ठरतं.

आमच्या कूलरची गोष्ट ऐकून गल्लीतल्या एका काकूंनी त्यांच्या वरच्या खिडकीच्या सज्ज्यावर ठेवलेल्या कूलरखालीही फरशीचे तुकडे घातले आणि मला म्हणाल्या, “आता काही भीती नाही ना गं?” मी त्यांना म्हटलं, काकू, आहे. अंगणात प्रश्न दाबाचा होता, कारण तिथे पाय रुतत होता. सज्ज्यात काही रुतत नाही. तिथे भीती आहे ती भिंतीतून पुढे आलेला सिमेंटचा पातळ पत्रा वाकून तुटण्याची, आणि फरशी टाकली तरी १,१७६ न्यूटन ते १,१७६ च. उलट फरशीचं वजन वर वाढलं. त्यातही तो भार भिंतीपासून जितका पुढे तितका सज्ज्याच्या मुळाशी ताण जास्त. सज्जा ऊन-पाऊस अडवायला बांधलेला असतो, भरलेला कूलर पेलायला नाही.

काकूंनी तो कूलर खाली काढला आणि आता तो जमिनीपासून उंच केलेल्या लोखंडी स्टँडवर त्याच खिडकीला लावलेला आहे. चारही पायांखाली शहाबादीचे तुकडे आहेत.